बदाम नव्वीवरचं बोट

साडूभाऊ,

दहाव्याला कावळा पहिल्याच झटक्यात शिवला. घाटावर जमलेली माणसं तासभर थांबायच्या तयारीने आली होती. तुमच्या चुलतभावाने तर म्हशी विकणार नाही असं सगळ्यांदेखत कबूल करायचं ठरवून ठेवलं होतं. पण पिंड ठेवून लोक चार पावलं मागे सरकतात न सरकतात तोच कावळा आला, चोच मारली आणि उडून गेला. "गड्याचं काय बी मागं राह्यलं न्हाई," असं जो तो म्हणायला लागला. तुमचं राहिलं नसेल. माझं राहिलं होतं.

मी एक वाक्य तयार करून आणलं होतं. कावळा अडला की पुढे व्हायचं, हात जोडायचे आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणून टाकायचं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावरून आपण वादही कमी घातलेले नाहीत. तरीही त्या सकाळी कावळ्याने जरा वेळ लावावा म्हणून मी वाट बघत उभा होतो. तुम्ही संधीच दिली नाहीत. मग माइक आला, श्रद्धांजलीची भाषणं झाली. कोणी तुम्हाला दानशूर केलं, कोणी गावाचा आधार. पुण्याचे साडू म्हणून मलाही बोलावलं आणि मी दोन मिनिटं तुमच्या मनमिळाऊ स्वभावावर बोललो. तुम्ही ऐकत असता तर मांडीवर थाप मारून हसला असता.

म्हणून आता कर्वेनगरला घरी, जेवणाच्या टेबलावर बसून लिहितोय. परवा तेराव्याला वाघोलीला येईन तेव्हा हे कागद ताईंच्या हातात देणार आहे. लिहितोय तुम्हाला, पण वाचणार आहे तुमची बायको. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही पहिल्यापासून सांगतो. चालवून घ्या.

आपली ओळख माझ्या दिवाळसणाची. खडकी बाजारातल्या सासऱ्यांच्या दोन खोल्या, आतल्या खोलीत मंगलताई आणि माझी नवी बायको वर्षा, दोघी बहिणींच्या गप्पा चाललेल्या, आणि बाहेर सतरंजीवर आपण दोघे जावई एकमेकांकडे बघत बसलेलो. तुम्ही माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, वाघोलीचे शेतकरी, पांढराशुभ्र सदरा. मी संगणकाच्या कंपनीत नुकताच लागलेला. काय बोलायचं दोघांनाही कळेना. मग तुम्ही विचारलंत, "पाव्हणं, रमी येती का?"

"येते की."

"किती पानांची?"

हॉस्टेलवरची चार वर्षं मी अभ्यासापेक्षा रमी जास्त खेळलो होतो, पण हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. रमी असते तेरा पानांची. मी तसं सांगितलं, तर तुम्ही मान हलवलीत. "मंग अर्धीच येती म्हणायची."

तुमच्याकडची रमी एकवीस पानांची. दोन नव्हे, तीन कॅट एकत्र पिसायचे. जोकर न लावता केलेले शुद्ध क्रम एक नव्हे, तीन हवेत. एकाच जातीची, अगदी तंतोतंत सारखी तीन पानं जमली तर त्याचा मान वेगळा. कापून काढलेल्या पानाच्या वरचं, त्याच जातीचं पान म्हणजे पपलू, आणि तो ज्याच्याकडे त्याला बाकीच्यांनी गुण द्यायचे. एकवीस पानं एका हातात धरायची तर पंजा तुमच्यासारखाच लागतो. माझ्या हातातून पानं गळून पडायची आणि तुम्ही ती उचलून द्यायचात, चुकूनही पानांचं तोंड न बघता.

आणि तिसरी रमी आपल्या सासूबाईंची. आईंची सात पानांची, मांडून खेळायची. क्रम झाला की लपवून ठेवायचा नाही, जमिनीवर मांडून टाकायचा, आणि दुसऱ्याने त्याला आपलं पान जोडलं तरी चालेल. सासरे नोकरीत असताना कारखान्याच्या क्वार्टरमधल्या बायका दुपारी हेच खेळायच्या. पोर रडलं तर पटकन उठता आलं पाहिजे, म्हणून सातच पानं. मी एकदा त्यांना म्हणालो होतो की ही लहान मुलांची रमी झाली. त्यावर त्यांनी मला ओळीने सहा डाव हरवलं आणि वर विचारलं, "जावईबापू, मोठ्या माणसांची कधी काढू?"

ज्यांच्या घरी डाव, त्यांचे नियम, असं आईंनी पहिल्याच दिवाळीला ठरवून टाकलं. वाघोलीला एकवीसची, माझ्याकडे तेराची. खडकीत मात्र आईंचं राज्य. आपल्या दोघांची भांडणं बघून त्यांनी तिथे तडजोड केली. पानं माझी, म्हणजे तेरा. पण एक नियम तुमचा घेतला, तो बोटाचा. पान खाली टाकलं तरी जोवर त्याच्यावर बोट आहे तोवर ते तुमचं, परत घेता येतं. बोट उचललं की गेलं.

मी याला कडाडून विरोध केला होता. पान पडलं की पडलं, असं माझं म्हणणं. "आवो, माणसाला इचार कराया येक क्षण तरी द्याल का न्हाई?" असं तुमचं. आईंनी निकाल दिला, "चुकलेलं लगेच उमगलं तर सुधारू द्यावं माणसाला." तुमचं ते बोट मला आजही दिसतं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं, मोटारीच्या पट्ट्यात सापडून अर्धं नख गेलेलं. पान टाकलंत की ते बोट त्यावर टेकायचं, तुम्ही हातातल्या पानांवरून एकदा नजर फिरवायचात, मग उचलायचात. घाई तुम्हाला कशाचीच नव्हती.

सासरे गेले तेव्हा दोन हजार साल तोंडावर आलेलं होतं. तारीख बदलली की जगातले सगळे संगणक बंद पडणार, असं लोक बोलत होते, आणि ते पडू नयेत म्हणून मी सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधत बसलेलो असायचो. तो माझा धंदाच, चुका शोधणं. वर्षाची नोकरी, माझी ही असली नोकरी आणि तीन वर्षांची तन्वी पाळणाघरात. तिला एकदा ताप भरला तेव्हा पाळणाघराच्या बाईंनी ऑफिसात दोन तास फोन लावला आणि मला तो कोणी दिलाच नाही. संध्याकाळी गेलो तर पोरगी चटईवर निपचित पडलेली. ही गोष्ट मी तेव्हा तुमच्याजवळ बोललो नाही. साडूजवळ रडगाणं गायचं नाही, असा एक पुणेरी ताठा होता.

आईंना आता एकटं ठेवायचं नाही हे नक्की होतं. त्यांना मुलगा नव्हता. दोन जावई, आणि दोघेही म्हणत होते, आमच्याकडे चला. असं भांडण मी दुसऱ्या कुठल्या घरात बघितलेलं नाही. बहिणी एकमेकींकडे बघून गप्प बसायच्या. आईंना कोणा एकीला नाही म्हणायचं नव्हतं. शेवटी एका रविवारी दुपारी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची हिरवी पट्टी एका डोळ्यावर, दुसऱ्यालाही धड दिसत नाही अशा अवस्थेत, त्यांनी सतरंजी अंथरायला लावली. "मी कोणाला नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "एकशेएकचा डाव लावा. जो टिकेल त्याच्या घरी मी जाईन. नंतर कोणी तोंड वाकडं करायचं नाही."

ताई म्हणाल्या, "आई, हे काय भलतंच."

"भलतं काय त्यात? तुमच्या बाबांनी घर निवडलं, कारखान्याने क्वार्टर निवडलं. एकदा पत्त्यांना निवडू दे."

एकशेएकच्या डावात हरलेल्याचे गुण चढत जातात आणि ज्याचे एकशेएक होतात तो बाद. तासाभराने आपण दोघेही नव्वदीच्या घरात होतो. म्हणजे पुढचा हात जो हरेल तो गेला. बहिणी चहा टाकायला आत. आई खुर्चीत, कान आमच्याकडे.

माझ्याकडे शुद्ध क्रम तयार होता. तीन राण्या, एका जोकराच्या आधाराने चार पंज्या. आणि बदामाची अठ्ठी नि बदामाची दश्शी, मधली नव्वी नाही. तुम्ही गड्डीतून पान उचललंत, हातात लावलंत आणि दुसरं पान खाली टाकलंत. बदाम नव्वी. माझा हात पुढे गेला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा, थांबा. आवो ही तेराची हाय, न्हाई का!"

तुमच्या हातात तीन नव्व्या होत्या, साडूभाऊ, हे मला नंतर कळलं. घरच्या तीन कॅटच्या खेळात नव्व्या पाण्यासारख्या येतात, म्हणून त्या सवयीने तुम्ही एक टाकलीत. ही चूक फक्त वाघोलीचा माणूस करू शकतो, आणि तोही खडकीत बसल्यावर. लगेच तुमच्या लक्षात आलं. तोवर मी म्हणालो होतो, "टाकलं ना पान?"

"बोट हाय की माझं."

"सुटलं."

"कुठं सुटलं? ह्ये बगा..." असं म्हणताना तुम्ही दोन्ही हात वर केलेत, तुमच्या बोलण्याच्या पद्धतीप्रमाणे, आणि मग पान खरोखरच एकटं सतरंजीवर पडून राहिलं. आवाज ऐकून बहिणी बाहेर आल्या. आईंनी पट्टी नसलेला डोळा बारीक करून बघितलं. "मला काही दिसलेलं नाही. समोर फक्त तुम्ही होता, जावईबापू. बोट आधी सुटलं होतं का?"

आणि तुम्ही, ज्याचं पान होतं तो माणूस, तुम्ही म्हणालात, "पाव्हण्यांना इचारा. चुका बगायचीच नोकरी हाय त्यांची. त्ये म्हणतील त्ये."

मला ते बोट स्पष्ट दिसलं होतं. अर्धं नख, त्याखाली नव्वीचा कोपरा. "थांबा" म्हणालात तेव्हा ते पानावरच टेकलेलं होतं. मी म्हणालो, "सुटलं होतं, आई."

ताई, ही माझी कबुली. मी खोटं बोललो. बोट सुटलं नव्हतं.

मी नव्वी उचलली, अठ्ठी आणि दश्शीच्या मधे लावली, शेवटचं पान पालथं टाकलं आणि हात उघडा केला. तुम्ही तुमची पानं खाली मांडलीत. दोन नव्व्या शेजारी शेजारी आणि त्यांच्यापुढे एका पानाची जागा सोडलेली. तुम्ही त्या जागेकडे बघितलंत, माझ्याकडे नाही. मग आईंना म्हणालात, "चला, करवेनगरला मजा हाय तुमची. लिफ्ट हाय तितं." पान परत घेतलं असतं तर पुढे तुम्हीच जिंकला असता का, हे कोणीच सांगू शकत नाही. या एका वाक्याच्या आधारावर मी बरीच वर्षं काढली. वाक्य खरं आहे, पण उपयोगाचं नाही.

मला सासू हवी होती असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. मला घरात माणूस हवं होतं. तन्वीला दुपारी कोणीतरी वरणभात भरवावा, ताप आला तर जवळ असावं, एवढ्यासाठी मी तुमचा डाव मोडला. तुम्हाला मात्र आई हवी होती. हे मला कळलं त्या वर्षीच्या दिवाळीला. वाघोलीला आलो तर तुमच्या घरात खाली एक नवी खोली. आत लागून संडास-बाथरूम, खुर्चीसारखं बसायचं, आणि भिंतीला स्टीलचा दांडा, धरून उठता यावं म्हणून. खोलीत कांद्याच्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

"आईंसाठी काढली व्हती," तुम्ही म्हणालात. "डावाच्या आधीच. मी म्हनलं, जिंकतोयच की. आसू द्या, सणावाराला येतीलच." मग दांड्यावर हात ठेवून, "मला माजी आई आठवत न्हाई, पाव्हणं. दोन वर्साचा व्हतो. ह्या पहिल्यांदा 'दत्तोबा, जेवला का' म्हनल्या ना, तवाच ठरवलं व्हतं." मी त्या स्टीलच्या दांड्याकडे बघत उभा राहिलो. तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

आई अकरा वर्षं आमच्याकडे राहिल्या. तन्वी त्यांच्या हाताखाली मोठी झाली, सात पानांची रमी तिला पाढ्यांच्या आधी आली. सोसायटीतल्या बायकांना दुपारी जमवून आईंनी आमच्या हॉलचा क्लब केला. त्या सुखात होत्या, हे मी शपथेवर सांगतो, आणि या बाबतीत माझ्या शपथेची किंमत काय, हेही मला माहीत आहे. तुम्ही दर महिन्याला यायचात. आधी मोटरसायकलवर, मग वाघोलीच्या शेतांचे प्लॉट झाले, इमारती झाल्या, तेव्हा पांढऱ्या गाडीतून. गाडी बदलली, पण डिकीतला माठ तोच, आईंना तुमच्या विहिरीचं पाणी आवडायचं म्हणून. धरणाचं पाणी पिणाऱ्या शहरात एक माणूस विहिरीचं पाणी घेऊन दर महिन्याला यायचा. आमचा वॉचमन तुम्हाला पाणीवाले काका म्हणायचा.

आणि प्रत्येक वेळी, पानं वाटण्याच्या आधी, तुम्ही तोच प्रश्न विचारायचात. "बोटाचा नियम हाय का?"

माझ्या घरी माझे नियम. मी नाही म्हणू शकलो असतो. पण त्या खडकीच्या डावानंतर मी नेहमी म्हणालो, "आहे." तुम्ही मान डोलवायचात आणि पिसायला घ्यायचात. हा टोमणा आहे की नुसती चौकशी, हे मला वीस वर्षांत कळलं नाही. टोमणे मारण्यात आम्ही पुण्याचे लोक पटाईत, असा आमचा समज. तुमच्या त्या चार शब्दांपुढे आमचं सगळं पुणं झक मारतं.

मग आमची कंपनी खराडीला गेली. काचेची इमारत, पूर्वी कोणाच्या तरी ज्वारीच्या रानात. तुमचं घर तिथून पंधरा मिनिटांवर, त्यामुळे शुक्रवारी दुपारचं जेवण ताईंच्या हातचं ठरून गेलं. आई गेल्यावर तर आपणच दोघे उरलो खेळायला. त्याच सुमारास कंपनीकडे एका परदेशी गिऱ्हाइकाचं काम आलं, संगणकावरच्या पत्त्यांच्या खेळांचं. तपासायला अर्थात मी. त्यात एक त्यांच्याकडची रमी होती, दोघांनीच खेळायची, दहा पानांची. हात पुरेसा जमला असं वाटलं की टेबलावर टकटक करून डाव तिथेच संपवायचा. मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्हाला फार आवडलं. "दार वाजवून आत यायचं. चांगली रीत हाय." पुढचे सहा महिने तुम्ही एकवीसच्या रमीतही जिंकलात की जमिनीवर टकटक करायचात.

तेराची रमीही होती त्या कामात. तुम्हाला लॅपटॉपवर दाखवली. तुम्ही माऊस धरलात, एक पान टाकलंत आणि लगेच म्हणालात, "आरं, चुकलं." पान गेलेलं. तुम्ही ते बोट पडद्यावर ठेवून बघितलंत. मग मला विचारलंत, "ह्यात बोट कुटं ठेवायचं?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी बग टाकला, म्हणजे चूक म्हणून नोंद केली. टाकलेलं पान काही क्षण परत घेता आलं पाहिजे. मुख्य प्रोग्रामर पंचविशीतला पोरगा. तो माझ्या टेबलापाशी आला. "सर, हा बग नाहीये. रूल्समध्येच नाही असं काही."

"आमच्या घरी आहे."

"पण सर, क्लायंटच्या घरी नाहीये ना."

मी तीन वेळा तो बग पुन्हा उघडला. वीस वर्षांच्या नोकरीत असा हट्ट मी दुसऱ्या कशाचा केला नाही. शेवटी मॅनेजरने बोलावून समजावलं. मला तेव्हा खरंच वाटत होतं की जगभरच्या सगळ्या डावांत बोटाची सोय झाली तर माझं थोडं फिटेल. तुमच्या समोर बसून चार शब्द बोलण्यापेक्षा ते सोपं वाटत होतं.

दहाव्याहून परत येताना मी वर्षाला सगळं सांगितलं. नगर रस्त्याला गाड्या तुंबलेल्या. येरवडा आल्यावर ती म्हणाली, "मी ताईला कितीदा म्हटलंय, नशिबाने आई आमच्या वाट्याला आली. ती दर वेळी हसायची. आणि आता?"

"मी सांगतो त्यांना."

"तुम्हीच सांगा. मी मधे पडणार नाही." कर्वेनगरला गाडी लावल्यावर दार उघडता उघडता ती आणखी एवढंच म्हणाली की आईने पट्टी काढून बघायला हवं होतं. मला वाटतं, पट्टी नसती तरी आईंनी मलाच विचारलं असतं.

ताई, तुमची आई अकरा वर्षं तुमच्या घरी, त्या दांड्याच्या खोलीत राहू शकली असती. ती राहिली नाही, त्यात पत्त्यांचा दोष नाही. तुम्ही मला घरात घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी पायरीवर बसून वाट बघेन.

पण साडूभाऊ, एक गोष्ट ताईंना माहीत नाही, ती सांगून संपवतो.

गेल्या महिन्यातला शुक्रवार. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलेलं. तुम्हाला जिना चढवत नव्हता, म्हणून कांदे काढून तुमची खाट खालच्या खोलीत टाकली होती. मी आलो तेव्हा तुम्ही तो स्टीलचा दांडा धरून बाथरूममधून येत होता. मी हात द्यायला गेलो तर म्हणालात, "ऱ्हाऊ द्या. भक्कम बसवलाय मी." खाटेवर टेकलात, दम घेतलात. "खोली काय वाया गेली न्हाई बगा."

ताई ताक आणायला गेल्या. तुम्ही उशीखालून पत्ते काढलेत. एकवीस पानं धरायची ताकद त्या पंजात उरली नव्हती. तेराचीही नव्हती. "आईंची लावू," म्हणालात. "सात." मी वाटली. तुम्ही पानं लावलीत आणि विचारलंत, "बोटाचा नियम हाय का?"

"आहे."

तुम्ही पहिलं पान टाकलंत आणि त्यावर बोट टेकवलंत. अर्धं नख, आता पार पिवळं पडलेलं. बोट उचलेचना. मी त्याच्याकडे बघत राहिलो. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "साडूभाऊ, खडकीच्या त्या डावात..."

"कुणाची पाळी हाय?" तुम्ही मधेच विचारलंत.

"तुमचीच," मी म्हणालो. "बोट आहे अजून पानावर."

तुम्ही मान वर करून माझ्याकडे बघितलंत. इतक्या वर्षांत मी तुम्हाला असं हसताना बघितलं नव्हतं, अगदी सावकाश, डोळ्यांपासून सुरू झालेलं.

"आता दिसतंय व्हय?"

मी मान हलवली. तुम्ही आणखी थोडा वेळ बोट तसंच ठेवलंत, मला नीट बघून घेता यावं म्हणून. मग उचललंत.

"घ्या," म्हणालात. "तन्वीच्या येळंला लागलं तसं लागत आसंल तर घ्या."

म्हणजे तापाचंही तुम्हाला माहीत होतं. वर्षाने ताईंना सांगितलं असेल, ताईंनी तुम्हाला, आणि तुम्ही त्या रविवारी खडकीला यायच्या आधीच. "पाव्हण्यांना इचारा" म्हणालात तेव्हा तुम्ही काय विचारत होता, ते मला त्या खाटेशी बसून कळलं. पान तुमचं होतं. त्याचा निकाल तुम्ही माझ्यावर सोडलात आणि मी काय करतो ते बघितलंत. मी जे केलं ते केलं. त्यानंतरही तुम्ही अकरा वर्षं माठ भरून पाणी आणलंत.

खाली पडलेलं पान चौकटची तिर्री होती. माझ्या हातात तिच्या आसपासचं एकही पान नव्हतं. मी ती उचलली आणि हातातल्या पानांच्या मधोमध लावली. ताई ताक घेऊन आल्या तोवर तुम्ही हात मांडून खाटेच्या कडेवर टकटक केली होती.